15 दिवसांची मुदत आणि 41व्या दिवशीचा होकार

पुण्यातील एका वाचकांनी नोकरीतील कंपनीमार्फत चार वर्षांच्या लीजवर इलेक्ट्रिक मोटार घेतली होती आणि त्या लीजची मुदत 31 मार्चला संपली. लीज कंपनीने 3 फेब्रुवारीच्या पत्राने ठरावीक किमतीला तीच मोटार त्यांना विकत देऊ केली होती व 15 दिवसांत लेखी होकार मागितला होता. वाचकांनी तो 16 मार्चला ईमेलने कळवला. आता लीज कंपनी मोटार परत मागत आहे. आरसी वाचकांच्या नावावर असून तिच्यावर लीजची नोंद आहे, आणि एप्रिलचे भाडेही कंपनीने घेतले आहे. अशा स्थितीत मोटार ठेवून घेता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. याच आशयाची पत्रे वारंवार येत असल्याने हे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

सर्वप्रथम करारपत्र काढा आणि त्यात मुदतीअखेर मोटार विकत घेण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे का, एवढेच पाहा. करारपत्राची प्रत तुमच्याजवळ नाही, ती कार्यालयातील मनुष्यबळ विभागाकडे असेल, असे तुम्ही लिहिता. चार वर्षे दरमहा पगारातून रक्कम कापली जात असताना ज्या कागदावर सही केली तो एकदाही वाचू नये, हे मला खरोखर समजत नाही. खरेदीचा हक्क करारातच असेल, तर कंपनीला नंतरच्या एका पत्राने तो 15 दिवसांपुरता आखडता येणार नाही. मात्र करारात त्यासाठी जी मुदत आणि जी रीत सांगितली असेल ती तुम्ही पाळलेली असली पाहिजे. भाडे-खरेदीच्या, म्हणजे भाडे भरत जाऊन शेवटी वस्तू विकत घेण्याचा पर्याय देणाऱ्या, करारात विक्रीचा भाग प्रत्यक्षात येतो तो ग्राहकाने अटी पूर्ण करून खरेदीचा पर्याय वापरल्यावरच, असे सर्वोच्च न्यायालयाने के. एल. जोहर प्रकरणात स्पष्ट केले आहे. निव्वळ लीजमध्ये तर असा पर्याय बहुधा नसतोच, आणि तसे असेल तर तुमचा सगळा आधार 3 फेब्रुवारीच्या त्या पत्रावर येऊन थांबतो.

ते पत्र म्हणजे एक प्रस्ताव होता. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 6 नुसार स्वीकृतीसाठी ठरवून दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव आपोआप संपुष्टात येतो. तो मागे घेतल्याचे कंपनीने वेगळे कळवावे लागत नाही. 18 फेब्रुवारीनंतर स्वीकारण्याजोगे काही उरलेच नव्हते, त्यामुळे 16 मार्चचा तुमचा होकार हा कायद्याच्या दृष्टीने तुमचा नवा प्रस्ताव ठरतो आणि तो नाकारायला कंपनी मोकळी आहे. बॅटरीची क्षमता तपासून घेण्यात महिना गेला, हे कारण व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे असले तरी मुदत वाढवून मागणारा दोन ओळींचा ईमेल तुम्ही त्याच काळात पाठवू शकत होता. मनुष्यबळ विभागाला तोंडी सांगितले होते, याचाही उपयोग नाही, कारण प्रस्ताव त्या विभागाचा नव्हता.

एक वाट मात्र तपासण्यासारखी आहे. 18 फेब्रुवारीनंतर कंपनीने तुम्हाला त्या किमतीचे देयक पाठवले आहे का, लीजची नोंद रद्द करण्याचा नमुना 35 भरून मागितला आहे का, किंवा किमतीपोटी काही रक्कम स्वीकारली आहे का? यांपैकी काही घडले असेल तर कंपनीने मुदतीची अट सोडून दिल्याचा किंवा नवा करार झाल्याचा युक्तिवाद करता येईल. तो टिकेल की नाही, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. एप्रिलच्या भाड्याने एवढे साधत नाही. ते घर भाड्याने घेतल्यासारखे समजू नका. मुदतीनंतर भाडे स्वीकारल्याने भाडेपट्टा पुढे चालू राहतो हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 116 स्थावर मालमत्तेपुरते आहे.

आरसीवरील नावावरही विसंबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) मध्ये लीजवरील वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याला ‘मालक’ म्हटले आहे, पण ते त्या कायद्यातील जबाबदाऱ्यांसाठी आहे. त्याने विक्री होत नाही, आणि लीजची नोंद रद्द करण्याच्या नमुना 35 वर कंपनीची सही लागतेच.

कोर्टात दहा वर्षे जातील, तोवर मोटार वापरा, असा मित्राचा सल्ला तुम्ही कळवला आहे. आपली न्यायालये संथ आहेत, याचा संताप मलाही रोज येतो, पण अशा करारांत सहसा लवादाचे कलम असते आणि लवाद कायदा, 1996 च्या कलम 9 खाली मोटार ताब्यात घेण्यासाठी रिसीव्हर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने वस्तू ताब्यात घेणारी व्यक्ती, नेमण्याचा अंतरिम आदेश मूळ वाद सुटण्याच्या कितीतरी आधी मिळू शकतो. शिवाय करार कायद्याचे कलम 161 ध्यानात ठेवा: परत करायची वस्तू वेळेवर परत केली नाही, तर त्या वेळेपासून तिची हानी किंवा नाश झाल्यास जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची असते. आज ती मोटार पार्किंगमध्ये जळाली तरी भरपाई तुमच्याकडे मागितली जाईल. विमा चालू आहे की लीजबरोबर संपला, हे आजच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत मोटार रस्त्यावर काढू नका. फौजदारी तक्रारीची शक्यता मला कमी वाटते, पण लेखी मागणी येऊनही मोटार दडवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 चा, म्हणजे विश्वासघाताचा, आरोप होण्याची भीती नाकारता येत नाही.

तेव्हा याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवा की, जुन्या किमतीला मोटार घेण्यास तुम्ही तयार आहात आणि तसे न झाल्यास तुमचे हक्क राखून तुम्ही ती परत करत आहात. परत करताना किलोमीटरचा आकडा, बॅटरीचा तपासणी अहवाल आणि चारही बाजूंची छायाचित्रे जोडून पोच घ्या. नाहीतर पुढे झीज-नुकसानीची बिले येतात आणि ती खोडून काढायला हाती काहीच नसते. घरी बसवलेला चार्जर तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतला असेल तर तो तुमचाच आहे, पण त्या खर्चापोटी मोटार अडवून ठेवता येणार नाही.