एक्साइजचा दर नंतर बघा, कर कशावर मोजलाय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जीएसटी किंवा व्हॅट असताना दारू, तंबाखू, इंधन यांवर वेगळी एक्साइज (उत्पादन शुल्क) कशाला, आणि देशोदेशीचे दर एकमेकांशी ताडून का बघता येत नाहीत?

व्हॅट जवळजवळ सगळ्या मालावर, विक्रीच्या टप्प्याटप्प्याला, किमतीच्या टक्क्यांत बसतो. एक्साइज मोजक्या वस्तूंवर, बहुतेक वेळा एकदाच, कारखान्याच्या किंवा गोदामाच्या दाराशी. लाखो दुकानदारांच्या मागे लागण्यापेक्षा थोड्या डिस्टिलऱ्या आणि रिफायनऱ्यांवर नजर ठेवणं सरकारला सोपं जातं. शिवाय या वस्तू महागल्या तरी लोक एकदम सोडत नाहीत, म्हणजे उत्पन्न पक्कं. आरोग्याचं कारण बरंच नंतर पुढे आलं, असं माझं मत. युरोपीय संघात कर न भरलेला माल बॉन्डेड गोदामात ठेवता येतो आणि एका देशातून दुसऱ्या देशातल्या गोदामात हलवताही येतो. तिथून बाजारात उतरला की कर लागतो. वर त्या करासकट किमतीवर व्हॅट. हो, करावर कर.

आता ताडून बघण्याचं. नुसत्या दराला फारसा अर्थ नाही, तो कशावर मोजलाय त्याला आहे. अमेरिकेत पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट आहे, १९९३ पासून तेवढाच. म्हणजे कोणी हात न लावता महागाईने तो दरवर्षी थोडा थोडा कापलाय. ऑस्ट्रेलियात इंधनावरची एक्साइज वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, महागाईप्रमाणे बदलते. तिथे दर वाढवायला दर वेळी संसदेत भांडावं लागत नाही.

सगळ्यात मजेशीर उदाहरण जपानचं. तिथे बिअरवरचा कर माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) प्रमाणावर ठरायचा. कंपन्यांनी काय केलं? माल्ट कमी केलं आणि १९९४ पासून 'हाप्पोशू' नावाचं बिअरसारखं पेय बाजारात आणलं. सरकारने १९९६ मध्ये जास्त माल्टच्या हाप्पोशूवर कर वाढवला, तर कंपन्या २५ टक्क्यांच्याही खाली उतरल्या. पुढे माल्टऐवजी वाटाण्याची प्रथिनं वापरून 'तिसरी बिअर' निघाली. २०२० पूर्वी ३५० मिलीच्या डब्यावर बिअरला ७७ येन, कमी माल्टच्या हाप्पोशूला सुमारे ४७ आणि तिसऱ्या बिअरला २८ येन कर होता. चवीत फरक थोडा, करात जवळजवळ तिप्पट! शेवटी सरकारनेच हात टेकले: ऑक्टोबर २०२६ पासून तिन्हींना एकच ५४.२५ येन असं कायद्यात ठरलं.

हीच पळवाट कधी मुद्दाम ठेवतात. ब्रिटनने २०१८ मध्ये गोड शीतपेयांवर लेव्ही, म्हणजे खास कर, आणली: १०० मिलीत ५ ग्रॅम साखरेपासून एक दर, ८ ग्रॅमपासून त्याहून जास्त. घोषणा दोन वर्षं आधी झाली होती, तेवढ्यात बऱ्याच कंपन्यांनी साखर ५ ग्रॅमच्या खाली आणली. कर चुकला, पण सरकारला हवं तेच झालं.

राजकारणही असतंच. युरोपीय संघात स्पिरिटवर (व्हिस्की, व्होडकासारख्या कडक दारूवर) शुद्ध अल्कोहोलच्या १०० लिटरला किमान ५५० युरो, आणि वाइनवर किमान शून्य. द्राक्षं पिकवणारे देश कोणते ते आठवा, म्हणजे कारण कळेल. भारतात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तरी पेट्रोल-डिझेल केंद्राच्या एक्साइजमध्ये राहिलं आणि पिण्याची दारू राज्यांकडे, कारण हे उत्पन्न सोडायला कोणीच तयार नव्हतं.

सिगारेटचे दर ताडताना मात्र दुहेरी हिशेब करा. युरोपात नगावर ठरलेली रक्कम आणि किमतीवरचे टक्के असे दोन्ही एकत्र लागतात. रक्कम वाढवली की स्वस्त ब्रँडला जास्त फटका, टक्के वाढवले की महागड्याला. म्हणून एकूण एक्साइज सरासरी किमतीच्या किमान ६० टक्के, शिवाय १००० सिगारेटींमागे किमान ९० युरो, अशा दोन्ही अटी घातल्या आहेत. नुसत्या टक्क्यांच्या तक्त्यात यातली दुसरी अट दिसतच नाही.