भाऊजी फिल्डला निघण्याआधी

अगं, भाऊजी आता फौजेच्या फिल्डला, म्हणजे बायकोपोरांना नेता येत नाही अशा ठिकाणी जाणार. त्यांच्या सुट्टीचे शेवटचे दिवस गणगोताच्या जेवणावळींत घालवू नकोस. भाऊजींनाच पोराला न्हाऊ घालू दे, गुरगुट्या भात भरवू दे. सांडला तर सांडला. झोपवायचं काम मात्र आत्तापासून तू घे, नाहीतर ते गेल्यावर रात्रभर रडारड. आणि पोर झोपलेलं असताना गुपचूप निघणं नको! सासूबाई काहीही म्हणोत, कुडाळ स्टेशनवर त्याला टाटा करू दे. उठल्यावर घरभर बाबाला शोधणारं पोर आवरत नाही.

त्यांच्या आवाजातल्या गोष्टी मोबाइलमध्ये भरून ठेव. पावसात आपल्याकडे वीज नि रेंज एकदमच जातात. जॉइंट खातं, डिपेंडंट कार्ड (जवानाच्या घरच्यांचं ओळखपत्र) बघ. पोराचा जन्म पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या सरकारी नोंदीत, चढलाय ना, तेही विचार. पत्राचा पत्ता 56 की 99 एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस), तो लिहून घे. कागद अडलाच तर थेट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठ.