पाच धुण्यांनंतरही चादर चुरचुरत असेल तर

प्रश्न असा आहे: शंभर टक्के सुती चादर पाच वेळा धुतली, तरी रात्री डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं, आता गादीही बदलावी का?

गादीला इतक्यात हात लावू नका. आधी चादरीचं वेष्टन शोधा आणि ‘सुरकुत्या पडत नाहीत’ किंवा ‘इस्त्री नको’ असं काही छापलंय का बघा. असं सुती कापड बहुधा फॉर्मल्डिहाइड या डोळे-नाक चुरचुरवणाऱ्या रसायनावर आधारलेल्या रेझिननं, म्हणजे राळेसारख्या पदार्थानं, पक्कं केलेलं असतं. सुटं फॉर्मल्डिहाइड पहिल्या धुण्यांत बरंचसं निघतं. धाग्याला जोडलेलं रेझिन मात्र ऊब आणि ओल मिळाली की थोडं थोडं फुटत राहतं आणि फॉर्मल्डिहाइड सोडतं. अंथरुणात ऊब आणि घाम दोन्ही रात्रभर असतात. तेव्हा सहावं धुणं नको, चादर परत करा. ‘डाग धरत नाही’, ‘जंतुरोधक’ या चादरींच्याही वाटेला जाऊ नका. ‘सेंद्रिय कापूस’ एवढाच शब्द शेतीबद्दल सांगतो, कापडावर पुढे काय चढवलं ते नाही. गॉट्स (GOTS) या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्रात प्रक्रियाही येते. ओएको-टेक्स १०० (OEKO-TEX) या दुसऱ्या प्रमाणपत्रासाठी तयार कापडातले घातक रसायनांचे अंश तपासतात. त्यातला पहिला वर्ग, म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा, सर्वांत कडक.

साध्या कोऱ्या कापडात खळ आणि गिरणीतलं तेल असतं, ते निघतं. दहा लिटर गरम पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) विरघळवून कापड रात्रभर भिजत ठेवा, हातमोजे घाला. सकाळी पाणी पिवळट, कधी चहासारखं दिसतं. ते ओतून द्या, आणि पाणी नितळ राहीपर्यंत पुन्हा भिजवा. मग दोनदा खळबळून शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले तर एकमेकांना मारतात, हाती काही लागत नाही. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र नको, क्लोरीन वायू सुटतो. लोकर आणि रेशीम सोड्यात खराब होतं.

पुष्कळदा दोष चादरीचा नसतोच, मशीनचा असतो. फॅब्रिक सॉफ्टनर सुताला मुद्दाम चिकटावा असाच बनवतात, आणि तो पावडरच्या कप्प्यात, रबरी कडेच्या घडीत साचतो. घडी उलटून बोट फिरवा. बुळबुळीत, वासाचा थर लागला तर आधी तो पुसा, मग सोडा घालून मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा.

नवीन कापड अंथरण्याआधी त्याचा तुकडा काचेच्या स्वच्छ बरणीत चोवीस तास उबदार जागी बंद ठेवा, मग झाकण उघडून दुरूनच वास घ्या. दमा असेल तर हे दुसऱ्या कुणाला करू द्या. वास आला नाही म्हणजे कापड सोसेलच असं नाही, म्हणून पुढची पायरी उशीचा अभ्रा: नाकाला सर्वांत जवळ तोच. तीन रात्री फक्त अभ्रा बदला, बाकी काही नाही.

गादीची शंका राहिलीच, तर सोसवणाऱ्या जुन्या चादरी-गोधड्यांवर तीन रात्री दुसऱ्या खोलीत झोपा. तिथे बरं वाटलं तर त्याच चादरी-गोधड्या घेऊन नेहमीच्या खोलीत, पण गादीशिवाय झोपा. नाहीतर खोलीच्या भिंतींना लावलेल्या रंगाचा दोष गादीच्या माथी जायचा. नवी फोमची गादी धुता येत नाही, फक्त हवेवर ठेवता येते, आणि त्याला आठवडे लागतात. लॅटेक्सची गादी मात्र उन्हात टाकू नका, तडकून तिचा चुरा होतो.