गरोदर जखमी बाई कॅज्युअल्टीत आली तर

सगळे आधी बाळाचे ठोके शोधायला धावतात. तू आधी आईचा श्वास, ऑक्सिजन, रक्तस्राव बघ. २० आठवड्यांपुढची असेल तर उताणी ठेवू नकोस. गर्भाशयाच्या भाराने पोटातली मोठी शीर दबते, बीपी कोसळतं. डाव्या कुशीकडे कलव. मणक्याच्या दुखापतीची शंका असेल तर पाठीखालच्या बोर्डासकट कलव, किंवा हाताने गर्भाशय डावीकडे सरकवून धर.

बीपी नॉर्मल दिसलं म्हणून निवांत होऊ नकोस. गरोदरपणात अंगात रक्त जास्त असतं, लिटरभर गेलं तरी आकडे ठीक दिसतात. तोवर बाळाचा पुरवठा तुटायला लागलेला असतो. सीटी स्कॅन गरजेचा असेल तर कर, बाळाला किरण लागतील म्हणून नातेवाईक (आणि कधीकधी आपलेच सीनिअर) कुरकुरतील. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डी (आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू न देणारं इंजेक्शन) दे. मार किरकोळ वाटला तरी किमान ४ तास सीटीजी (बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणारं यंत्र) लाव. वार (प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटायला पोटावर जखम दिसावीच लागते असं नाही.