हॉल नको, रस्ता हवा

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. यंदा आपल्या समलिंगी-तृतीयपंथी लोकांचा प्राइड मोर्चा काढायचा की त्याऐवजी हॉल घ्यायचा, यावरून तुमच्या गटात जुंपलीय आणि तू मधल्या मध्ये अडकलीयस. हॉलवाल्यांची बाजू तू इतकी नीट मांडलीस की तुझंही मन तिकडेच झुकलंय की काय, अशी मला शंका आली. एसी हॉल, खर्च उचलायला एक कंपनी तयार, दारावर नावं तपासून आत सोडायचं, फोटोंना बंदी, पोलीस ठाण्याचे हेलपाटे नाहीत. शिवाय ‘समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तर गेलं, आता मोर्चा कशाला?’ आणि ‘आपल्या शहराला हे झेपायचं नाही.’

तुला धीर देण्यात मी वेळ घालवत नाही. धीर नसता तर तू या गटात आलीच नसतीस. हॉलमध्ये कार्यक्रम जरूर करा, वर्षभर करा. पण मोर्चाच्या जागी हॉल, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. रस्ता सोडायचा नाही.

आधी त्या ‘३७७ गेलं’चं बघू. ते २००९ मध्येही गेलं होतं. २ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयात न्या. अजित प्रकाश शहा, आपले सोलापूरचे, आणि न्या. मुरलीधर यांनी निकाल दिला आणि आम्ही पेढे वाटले. साडेचार वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आमची संख्या अगदीच नगण्य आहे, असंही त्या निकालात लिहिलेलं होतं. सकाळी ऑफिसला निघाले तेव्हा मी नागरिक होते, दुपारच्या डब्यापर्यंत पुन्हा गुन्हेगार. मग ६ सप्टेंबर २०१८. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, एकमताने. न्या. इंदू मल्होत्रांनी लिहिलं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला हवी. तो परिच्छेद वाचताना अजूनही माझा आवाज फुटतो. आणि तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाच्या हक्कासाठी लोक गेले तेव्हा त्याच न्यायालयाने सांगितलं, हा प्रश्न संसदेचा आहे.

कोर्टात वर्षानुवर्षं झुंजलेल्या सगळ्यांचं ऋण मी मानते. पण कोर्टाने दिलेलं कोर्ट काढून घेऊ शकतं, हे मी पाहिलंय. तू तेव्हा शाळेत होतीस. २०१३ च्या निकालानंतर चारच दिवसांनी, १५ डिसेंबरला, देशातल्या आणि परदेशातल्या कितीतरी शहरांत लोक निषेधाला उतरले. ते कुठून आले? आधीच्या मोर्चांत ज्यांनी एकमेकांना पाहिलं होतं, तेच आले. नंबर होते, घोषणा तोंडपाठ होत्या, बॅनर माळ्यावर गुंडाळून ठेवलेले होते. मधल्या वर्षांत रस्ता सोडला असता तर त्या रविवारी जो तो आपापल्या खोलीत बसून राहिला असता.

आता ‘शहराला झेपायचं नाही’. कुठल्या शहराला झेपणार होतं? ११ ऑगस्ट १९९२ ला दिल्लीत एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाची माणसं पोलीस मुख्यालयासमोर उभी राहिली, कारण कॅनॉट प्लेसच्या बागेतून पोलीस पुरुषांना केवळ संशयावरून उचलून नेत होते. त्या दिल्लीला झेपणार होतं? २ जुलै १९९९ ला कोलकात्यात पार्क सर्कसहून भारतातला पहिला प्राइड वॉक निघाला, तेव्हा माणसं होती पंधरा. पंधरा! तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याहून जास्त आहेत. पुढे खंड पडला, २००३ पासून पुन्हा सुरू झालं. २९ जून २००८ ला दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता एकाच दिवशी चालले. मग चेन्नई, पुणे (२०११ चा डिसेंबर), सुरत, गुवाहाटी, नागपूर. २०१६ मध्ये ओडिशाच्या कालाहंडी जिल्ह्यातल्या भवानीपटणात मोर्चा निघाला. तुमचं गाव भवानीपटण्याहून मोठं आहे, पोरी.

एक मात्र मी तुला सावकाश सांगणार आहे. १९९८ च्या डिसेंबरात ‘फायर’ या दोन बायकांच्या प्रेमावरच्या चित्रपटाच्या खेळांवर हल्ले झाले, तेव्हा दिल्लीत रीगल थिएटरबाहेर बायका जमल्या. आपण भारतीय आहोत आणि लेस्बियन आहोत, असा फलक त्यांच्यातल्या एकीच्या हातात होता. तो फोटो मी वर्तमानपत्रात पाहिला. मी तेव्हा ठाण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहायचे. माझ्यासारखी दुसरी बाई या देशात आहे, याचा माझ्या हाती आलेला तो पहिला पुरावा. घरमालकीणबाईंच्या रद्दीतून तो कागद काढून घेतला आणि साडीच्या घडीत ठेवला. त्या बायका एखाद्या हॉलमध्ये बंद दाराआड बोलल्या असत्या तर त्यांचं बोलणं त्यांना उपयोगी पडलं असतं, मला नाही. त्यांना मी माहीत नव्हते. रस्त्यावर उभं राहायचं ते अशा माहीत नसलेल्या माणसांसाठी. तुमच्या तालुक्यात अशी एखादी आहे. तिचं नाव तुमच्या यादीत नाही आणि ती हॉलचं दार शोधत येणार नाही.

मुंबईत आम्ही पहिल्यांदा १६ ऑगस्ट २००८ ला निघालो. स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस आणि जागा ऑगस्ट क्रांती मैदान, दोन्ही मुद्दाम निवडलेली. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, म्हणून ब्रिटिश सरकारने माफी मागावी अशीही मागणी होती. तिथून गिरगाव चौपाटीपर्यंत चाललो. ज्यांना ओळख नको होती त्यांच्यासाठी मुखवटे होते. मीही घेतला होता. पातळ पुठ्ठ्याचा, कानामागे काचणाऱ्या रबराचा. घामाने तो मऊ पडला आणि नाकाशी फाटला.

ती मात्र मोर्चात नव्हती. ती म्हणजे माझी. कित्येक वर्षं एका घरात राहिलो, शेजाऱ्यांना मावसबहिणी म्हणून माहीत होतो. ती शाळेत शिकवायची, नोकरीची भीती होती आणि ती भीती खरी होती. त्या दिवशी ती फुटपाथवरून चालत होती, माझ्या अगदी समांतर, माझी पर्स खांद्याला लावून, बाजाराला निघाल्यासारखी. मोर्चा थांबला की ती दुकानाच्या काचेत बघत थांबायची, मोर्चा हलला की हलायची. एक बेस्टची बस अडकून पडली होती. तिच्या खिडकीतून एका बाईने मलाच विचारलं, ‘‘कसला मोर्चा हो?’’ मी तोंड उघडायच्या आत फुटपाथवरून हिने उत्तर दिलं, ‘‘समलिंगी लोकांचा. त्यांना पोलीस त्रास देतात.’’ शिकवल्यासारखं, स्पष्ट. हे शब्द तिने घराबाहेर मोठ्याने उच्चारले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

२०१६ मध्ये ती गेली. कायदा जाताना तिला दिसला नाही, आणि माझ्या शेजारून, मोर्चाच्या आतून, ती कधीच चालली नाही. ही खंत माझ्याबरोबरच जाईल. पण तुमच्या दारावर नावांची यादी घेऊन कोणी बसलेलं असतं तर ती उंबऱ्यापासूनच परतली असती, हे मी शपथेवर सांगते. हॉलला दार असतं, रस्त्याला फुटपाथ असतो. घाबरलेल्या माणसाला फुटपाथ लागतो. तुमचे ते सुरक्षित जागेवाले हे ध्यानात घेत नाहीत आणि मला त्यांचा राग येतो, कारण ते मनाने चांगले आहेत आणि तरी चुकताहेत.

कपड्यांचा नियम तू ओझरता लिहिलास, पण तो मला सगळ्यात जास्त टोचला. ‘सभ्य पोशाख हवा, नाच-टाळ्या नकोत, नाहीतर लोक काय म्हणतील.’ हा वाद पुण्यातही झाला, इतरत्रही झाला, दर काही वर्षांनी होतो. कोणाला बाहेर ठेवायला हा नियम आहे, ते सरळ बोला की. तृतीयपंथीयांना. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा काढून वाच. त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. उत्तर हिंदुस्थानात त्यांची नोंदवही ठेवली जायची, आणि नोंद झालेल्या माणसाने बाईचे कपडे-दागिने घालून सार्वजनिक रस्त्यावर दिसणं, नाचणं, वाजवणं हा गुन्हा होता. वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे रस्त्यावरचे कपडे आणि रस्त्यावरचा नाच, नेमकं हेच सरकारने हिरावून घेतलं होतं. आता तुम्ही दीडशे वर्षांनी तोच नियम आपल्या हाताने लिहिणार? पोलिसांच्या काठ्या आधी ज्यांनी खाल्ल्या त्यांनी मागच्या रांगेत, इस्त्रीचे कपडे घालून चालायचं? तुला मी हे करू देणार नाही. त्या नियमावर सही करू नकोस.

कंपनीच्या पैशाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. आमच्या गटात याच मुद्द्यावरून फूट पडली. चार जण निघून गेले, त्यातली एक माझी जिवलग होती, ती अजून बोलत नाही. मी ताठर आहे, माझ्यामुळे मोठा कार्यक्रम हुकला, असं मागून बोललं गेलं. बोलू देत. पैसे देणाऱ्याने आधी मागणी केली ती घोषणा ‘सौम्य’ करण्याची आणि मग मोर्चाऐवजी तिकीट लावून कार्यक्रम करण्याची. दर वेळी तेच होतं. दिल्लीचा क्वीअर प्राइड कंपन्यांचा पैसा न घेता, लोकांकडून वर्गणी काढून उभा राहतो, आणि चालतो. मग आपल्याला का जमू नये? मी तेव्हा बरोबर होते. आज तोच प्रसंग आला तर मी तेच करेन, मैत्रीण गमावूनही. तुला हे कठोर वाटेल. वाटू दे. एकदा रस्ता हातातून गेला की परत मिळवताना किती नाकी नऊ येतात, ते मी पाहिलंय. २०२० मध्ये मुंबईच्या मोर्चाला नेहमीच्या मार्गाची परवानगी नाकारली आणि आझाद मैदानात जमावं लागलं. तिथल्या घोषणांवरून ५१ जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. आपल्यातच दोन तट पडले. मग कोविड आला. मोर्चा पुन्हा निघायला २०२३ उजाडलं. एक चुकलेलं वर्ष असं लांबतं.

आता तुझं स्वतःचं. बाजारपेठेत बाबांचं दुकान आहे, मोर्चा तिथूनच जाणार, आणि मुखवटा घातला तर आपण भेकड ठरू, असं तू शेवटच्या दोन ओळींत, जाता जाता लिहिलंस. खरं पत्र तेवढंच होतं ना? बाळा, मुखवटा घाल. किंवा फुटपाथवरून चाल. किंवा मागे टेम्पोत बसून पाण्याच्या बाटल्या वाट. कोणी हिशेब मागितला तर माझं नाव सांग. तोंड दाखवणं ही परीक्षा नाही, कोणालाही तिच्यात बसवायचा हक्क नाही. तू उघड्या चेहऱ्याने चाललंच पाहिजे, असं मी म्हणतच नाही. तो रस्ता त्या दिवशी आपला असला पाहिजे, एवढंच म्हणतेय. तू त्यावर कुठे उभी राहायचं ते तुझं तू ठरव.

कामाचं लिहिते. अर्ज लवकर द्या, पोलीस ठाण्यात आणि वाहतूक शाखेत वेगवेगळा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. तोंडी ‘होऊन जाईल’ला काही अर्थ नसतो. मार्गाचा नकाशा हाताने काढलेला चालतो, पण सुरुवात, वळणं, शेवट आणि वेळ स्पष्ट हवी. ध्वनिक्षेपकाची परवानगी निराळी लागते. मार्ग छोटा ठेवा. शेवट एसटी स्टँडजवळ करा, म्हणजे तालुक्यातून आलेल्यांना अंधार पडायच्या आत गाडी मिळेल. हे विसरलात तर बायका येणार नाहीत. ज्यांचा फोटो नको त्यांच्या मनगटाला ठरावीक रंगाची फीत बांधा आणि पत्रकारांना ती आधीच दाखवून ठेवा. दोन वकिलांचे नंबर प्रत्येक स्वयंसेवकाच्या हातावर पेनाने लिहिलेले हवेत, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. तृतीयपंथीयांच्या वस्तीत निमंत्रण द्यायला तू स्वतः जा, मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस. तिथल्या गुरूंना विचारून पुढच्या रांगेत कोण चालणार ते ठरवा.

परवानगी नाकारली तर लेखी मागा. लेखी नकार घेऊन उच्च न्यायालयात जाता येतं, तोंडी नकार घेऊन कुठेच जाता येत नाही.

बैठकीत हे पत्र वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही, फक्त बाबांच्या दुकानाचा भाग गाळ. अर्ज सोमवारी दे आणि त्याची पोच मला फोटो काढून पाठव. वर्गणीत माझे पाच हजार धर. आदल्या रात्रीच्या गाडीने मी येतेय, माझी सोय तुझ्या त्या खोलीवरच कर, लॉज नको.

तुझी
मावशी