पद्मिनी ठेवू की अ‍ॅम्बॅसिडर?

प्रश्न : काका, वडिलांची 1983 ची प्रीमियर पद्मिनी आणि सासऱ्यांची 1985 ची पेट्रोल अ‍ॅम्बॅसिडर, दोन्ही माझ्या दारात आल्या आहेत. जागा एकीपुरतीच आहे. गावात आठवड्यातून दोनदा आणि महिन्यातून एकदा आईला घेऊन पाचगणीला जातो. कोणती ठेवू?
– एक वाचक, वाई

उत्तर : चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, पण हा प्रश्न अजून सुटलेला नाही. माझ्याकडे दोघींची गिऱ्हाइकं एकमेकांशी बोलायची नाहीत!

अ‍ॅम्बॅसिडरचं इंजिन 1489 सीसी, पद्मिनीचं 1089. ताकद पन्नासाच्या आसपास विरुद्ध चाळीसेक अश्वशक्ती. पण अ‍ॅम्बॅसिडर अंगानेही तितकीच जड, त्यामुळे सपाटीला हिशेब फिटतो. फरक कळतो तो पसरणी घाटात. चार माणसं आणि डिकीत गव्हाचं पोतं असलं, तर अ‍ॅम्बॅसिडर जिथे तिसऱ्यावर रेटून नेते तिथे पद्मिनीला दुसरा टाकावाच लागतो. शिवाय उन्हाळ्यात पद्मिनीच्या इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी वळणावरच रुसते. आम्ही पंपावर ओलं फडकं गुंडाळायचो. हसू नका, अजूनही तोच उपाय आहे. आईंचे गुडघे दुखत असतील तर अ‍ॅम्बॅसिडरची उंच बैठक आणि मागची ऐसपैस जागा, याला तोड नाही.

एवढं सांगूनही मी म्हणेन, पद्मिनी ठेवा.

कारण वाईच्या गल्ल्या. पद्मिनी चार मीटरच्या आत बसते आणि रुंदीला वीतभर कमी. स्टेअरिंग हलकं. भाजी आणायला तुम्ही तीच काढाल. अ‍ॅम्बॅसिडर दारात उभी राहील, आणि जुनी गाडी धावून मरत नाही, उभी राहून मरते. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तर टाकीत पाणी धरतं आणि जुन्या रबरी नळ्या खाल्ल्या जातात. त्या नळ्या आणि कार्बोरेटरची किट आधी बदला. पुण्याच्या नाना पेठेत चौकशी करा. पद्मिनीच्या तळाचा पत्रा मात्र टोकदार पेचकसाने टोचून बघा. पेचकस आत गेला, म्हणजे पत्रा गंजलेला निघाला, तर हा सगळा सल्ला रद्द, अ‍ॅम्बॅसिडर ठेवा.

कागदांचं म्हणाल तर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. विंटेज नोंदणीच्या नादी लागू नका. ती पन्नास वर्षांपुढच्या गाडीला, आणि त्या नंबरावर रोज बाजाराला जाता येत नाही.

पाचगणीला सकाळी सहाला निघा, पंप तापणार नाही. आईंना पुढच्या सीटवर बसवा. सासरेबुवांना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.