'टर्नओव्हर'ला 'उलाढाल' चालेल का?

प्रश्न असा आला आहे: पेशीजीवशास्त्राच्या भाषांतरात 'प्रोटीन टर्नओव्हर'ला 'उलाढाल' म्हटलं तर दुकानदारी वाटते, त्यापेक्षा 'प्रथिनांचे विघटन' लिहावं का? शिवाय 'ग्रोथ' आणि 'प्रोलिफरेशन' या दोन्हींना 'वाढ' म्हटलं तर काय बिघडतं?

'उलाढाल' बिनधास्त लिहा. दुकानदारी वाटते, हीच तर तिची खुबी. गल्ल्यातली शिल्लक महिनोन्महिने तेवढीच राहूनही उलाढाल प्रचंड असू शकते, आणि प्रथिनांचं नेमकं तसंच आहे. प्रौढ माणसाचं वजन वर्षभर हललं नाही, तरी त्याच्या शरीरात रोज साधारण 250 ते 300 ग्रॅम प्रथिनं नव्यानं बनतात आणि जवळपास तेवढीच मोडतात. सुटलेली अमिनो आम्लं बहुतांशी पुन्हा कामाला लागतात, म्हणून आहारात याहून बरीच कमी प्रथिनं असली तरी भागतं. 1930च्या दशकात जीवरसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ शोनहायमर यांनी नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची खूण असलेली अमिनो आम्लं उंदरांना खाऊ घातली. वजन स्थिर असलेल्या उंदरांतही खुणेचा बराचसा नायट्रोजन ऊतींच्या प्रथिनांत जाऊन बसलेला सापडला. बांधून झालेलं शरीर तसंच राहतं, ही समजूत तिथं ढासळली.

'विघटन' म्हटलं की यातली जमेची बाजू गळते. आणि पेशीचा ताबा तर दोन्ही बाजूंवर असतो. पी-53 हे प्रथिन घ्या. निरोगी पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. वरवर पाहता शुद्ध उधळपट्टी. पण डीएनएला इजा झाली की मोडणं आवरलं जातं, पातळी झपाट्यानं चढते आणि विभाजन रोखता येतं. सायक्लिन या प्रथिनाची तऱ्हा उलटी. जीवशास्त्रज्ञ टिम हंट यांना 1982 साली सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या फलित अंड्यांत ते साठत जाताना आणि दर विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसं होताना दिसलं. ते मोडल्याशिवाय पेशी विभाजन पुरं करून बाहेर पडू शकत नाही. मोडायच्या प्रथिनाला युबिक्विटिन या 76 अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते, मग पेशीतलं मोडणीचं यंत्र असलेला प्रोटिअ‍ॅसोम त्याचे तुकडे करतो. 2004चं रसायनशास्त्राचं नोबेल युबिक्विटिनमार्फत होणाऱ्या या मोडणीच्या शोधाला मिळालं. (लायसोसोम या पेशीतल्या पचनपिशवीतून होणारी मोडतोड निराळी, तिच्यातल्या एका मार्गाला, ज्यात पेशी स्वतःचेच भाग पचवते, 'स्वभक्षण' हा शब्द आता रुळला आहे.)

आता 'वाढ'. इथं मात्र मी हटून बसेन. पेशी मोठी होणं आणि पेशी अनेक होणं या दोन घटना आहेत, आणि एकीवाचून दुसरी घडते. व्यायामानं स्नायू भरतात ते मुख्यतः असलेले तंतू जाड झाल्यामुळे. उलट बेडकाचं फलित अंडं सुरुवातीला नुसतं विभागत जातं: पेशींची संख्या वाढते, पण एकूण गोळा तेवढाच, म्हणजे प्रत्येक पेशी आधीच्यापेक्षा लहान. एमटॉर हे विकर (एन्झाइम) पोषण मुबलक असताना प्रथिननिर्मितीला जोर देतं आणि स्वभक्षण दाबून ठेवतं. त्यानं मुख्यतः पेशीचा आकार वाढतो. त्याला 'वाढ' म्हणा.

'प्रोलिफरेशन'ला काही जण 'प्रसार' लिहितात. अण्वस्त्रप्रसारबंदीतून उचललेला असावा. तिथं तो शोभतो, इथं घातक आहे. कर्करोगाविषयीच्या मजकुरात 'पेशींचा प्रसार' वाचून कुणीही रोग दुसऱ्या अवयवात पसरला असंच समजेल, आणि ती तिसरीच गोष्ट. 'पेशीगुणन' चालेल, एकाच्या दोन, दोनाच्या चार हे त्यात आपसूक येतं. सर्वसामान्य वाचकासाठी 'संख्यावाढ' मला अधिक पसंत.

दोन्हींना 'वाढ' ठेवून नुसत्या वचनावर भिस्त ठेवता येते, नाही असं नाही. 'पेशीची वाढ' म्हणजे आकार, 'पेशींची वाढ' म्हणजे संख्या. पण बोलताना तो अनुस्वार ऐकू येत नाही आणि छापताना हमखास उडतो. तेव्हा वाक्य असं करा: 'प्रथिनांची उलाढाल, पेशीच्या आकारातली वाढ आणि पेशींची संख्यावाढ यांचं नियमन कसं होतं'. थोडं लांबतं, लांबू द्या.